कोमलचं अर्धं राहिलेलं वाक्य

कोमल नावाच्या आठ वर्षांच्या मुलीवर मी खोटा आळ येऊ दिला. दुष्काळाचं दुसरं वर्ष, पाडव्याचा आदला दिवस, भर दुपार, गेवराई तालुक्यातल्या एका चारा छावणीतलं कडुलिंबाचं झाड. एवढं नेमकं सांगते, कारण आजवर एवढंसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या मैत्रिणींना नाही. आणि तुम्हाला तर नाहीच — तुम्ही, जे माझी उपक्रमांची पुस्तिका पिशवीत घालून गावोगाव मुलांचे वर्ग घेता.

मला पत्रकं लिहिता येतात. गुन्हा काय, गुन्हेगार कोण, हे पहिल्या ओळीत ठोकून द्यायचं, असं मी शिकले. आत्ताही तसंच केलंय — मग पुढे हात का चालत नाही? पत्रकातला गुन्हेगार नेहमी समोर असतो, मंचावर, हार घातलेला. त्याच्याविषयी लिहायला जोर येतो. स्वतःविषयी लिहिताना तोच जोर कुठे जातो?

आधी वर्गाचं सांगते. वर्ग चांगला होता. तेही खरंच आहे.

त्या वर्षी विहिरी आटल्या तशी माणसं जनावरं घेऊन माळावर आली. तिथल्या एका सहकारी संस्थेने छावणी उघडली होती. रोज सकाळी काट्यावर मोजून चारा मिळायचा, टँकर आला की हौदात पाणी पडायचं. माणसंही तिथेच राहायची, दावणीला लागून बाजा टाकून. बरेचसे म्हातारे आणि पोरं. कारण हातीपायी धड असलेले ऊसतोडीला गेलेले. मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात शिकत होते. सुट्टीत छावणीत येऊन राहिले, लिंबाखाली पोरं गोळा केली आणि त्यांची "गोष्टीवाली ताई" झाले. दुष्काळी कामांतली लबाडी उघड करणारी पत्रकं काढणाऱ्या संघटनेची मी आहे, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

पाटी नव्हती, खडू नव्हता. कोरड्या तळ्यातला गाळ तेवढा फुकट होता. तो आम्ही हौदाच्या तळाला उरलेल्या, जनावरांनी उष्ट्या केलेल्या पाण्यात कालवला. "चित्र काढा" म्हटलं की पोरं घर, डोंगर आणि सूर्य काढून मोकळी होतात. मी म्हटलं, तुमची म्हैस कशी बसते ते मातीत करून दाखवा. मग बघा! एकाने शिंग मोडलेला बैल केला, कारण त्यांच्या बैलाचं शिंग खरंच मोडलेलं. एकीने गाभण गाय केली आणि पोटाला हात लावू देईना. मी केलेला बैल बघून सगळी पोरं लोळायला लागली. "ताई, ह्यो तर डुक्कर झालाय की!" पूजा म्हणाली. "ह्याला चारा न्हाई मिळायचा छावणीत."

पूजा नऊ वर्षांची. तिचे वडील छावणीच्या काट्यावर चारा मोजायला होते, संस्थेकडे रोजाने. बोलकी, हुकूम सोडणारी, खेळात नेहमी पुढे. आणि कोमल सावलीसारखी तिच्याजवळ. कोमलचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजोबांबरोबर एक म्हैस घेऊन छावणीत. तिची जीभ अडखळायची. "पाणी" म्हणताना पहिल्याच अक्षरावर मान वाकडी व्हायची, डोळे मिटायचे. शाळेत तिला चिडवायचे म्हणून ती शाळेत गप्पच असायची. फक्त पूजा तिला हसत नव्हती. पूजाला स्वतःच्याच बोलण्यातून फुरसत नसायची, म्हणून असेल.

पुस्तिकेत मी जे लिहिलंय ते कोमलने मला शिकवलं. ज्या मुलाला बोलणं जड जातं त्याला नाटकात असं काम द्या, ज्यात शब्द नाहीत. आम्ही "छावणी-छावणी" खेळायचो, तेव्हा कोमल म्हैस व्हायची. चार पायांवर उभी राहून ती असं हंबरायची की पलीकडच्या दावणीतून खऱ्या म्हशी उत्तर द्यायच्या! कुणी हसलं नाही असं नाही — सगळेच हसले. पण ते हसणं वेगळं होतं, आणि ते तिला कळलं. मग एके दिवशी म्हैस बोलली. "मला... मला पेंड पायजे." पूर्ण वाक्य. पूजा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हशीला लईच लाडात आणलंय, ताई." कोमल हसत होती. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

वर्गाचे दोनच नियम होते, मीच केलेले. एक — खेळातलं खेळात. इथे जे बोललं, करून दाखवलं, ते बाहेर न्यायचं नाही. दुसरा — कुणी अडखळलं तर त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, तोडायचं नाही. येईपर्यंत थांबायचं. पोरं दोन्ही नियम पाळायची.

एकदा पूजा काटेवाली झाली. नारळाच्या दोन करवंट्यांचा काटा, उसाच्या शेंड्यांच्या, वाळल्या वाढ्यांच्या काड्यांच्या पेंढ्या. तिने पेंढी करवंटीत ठेवायच्या आधी बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं आणि तिच्यावर शिंपडलं. पुन्हा एक झाकण. मग तोलली.

"पाणी कशाला गं?" मी विचारलं.

"आमचे पप्पा रोज मारतेत की. चाऱ्याला बी तहान लागती, ताई."

तिला ते खरंच वाटत होतं. बापाने पोरीला काय सांगावं, म्हणून सांगितलेलं ते उत्तर. मला मात्र क्षणात कळलं. चारा भिजवून तोलला की वजन पाण्याचं भरतं. चारा कमी जातो, हिशोब पूर्ण दिसतो. आणि पाणी — ज्या माळावर बाया टँकरमागे घागरी घेऊन पळतात, तिथलं पाणी! माझं डोकं तापलं. मी पिशवीतून पेन काढला आणि कागद हाताशी नव्हता म्हणून तळहातावर लिहिलं — "चाऱ्याला तहान लागते". कोमल तेव्हा म्हैस होती. काट्यासमोर चार पायांवर, मान वर करून पेंढीची वाट बघत. तिने माझा हात बघितला. माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळा मारला.

तुम्ही म्हणाल, लबाडी उघड करणं चूक होतं का? नव्हतं. लबाडी उघड करायलाच पाहिजे होती. पण सकाळी उठून मी काट्यापाशी उभी राहिले असते तरी मला ते दिसलं असतं. ते काही लपूनछपून चालत नव्हतं. मग मी काय लिहिलं असतं? "चारा भिजवून तोलला जातो." खरं, पण कोरडं. पोरीचं वाक्य गोड होतं. ते मथळ्याला शोभणार होतं. संघटनेतली मैत्रीण वाचून म्हणालीच, "लई भारी मथळा!" मी खूश झाले. खाली सही केली — "एक जागरूक शेतकरी". एका दमात किती खोटं बोलता येतं बघा.

पत्रक निघालं. तालुक्याहून साहेब आले, काटा बघून गेले. संस्थेने दुसऱ्याच दिवशी पूजाच्या वडिलांना काढून टाकलं. "हा माणूस परस्पर असं करत होता," म्हणाले. ज्यांनी करायला सांगितलं ते तिथेच राहिले, खुर्चीवर. मोजणारा तेवढा गेला. आणि ते वाक्य आपल्याच घरातलं, हे पूजाच्या वडिलांना मथळा वाचताच कळलं असणार. त्यांनी पूजाला मारलं नाही. फक्त विचारलं, "कुणापाशी बोललीस, पूजे?" आणि मग तिच्याशी बोलणं सोडलं.

हे सगळं सांगून झालं आणि तरी मी अजून लिंबाखाली पोचले नाही. बघितलंत, कशी फिरतेय?

पाडव्याच्या आदल्या दिवशी पूजा वर्गाला उशिरा आली. हातात पत्रक. जोडाक्षरं तिला नीट वाचता यायची नाहीत, पण मथळा तिने बोट ठेवून वाचला.

"ताई, हे कुणी लिवलं? मी तर खेळात बोललते."

मी म्हणाले, "मला काय माहीत गं. वर्गातल्याच कुणीतरी घरी सांगितलं असेल."

इतकं सोपं होतं. आवाजसुद्धा कापला नाही.

पूजाने सगळ्यांवरून नजर फिरवली. "तवा काट्यापाशी पोरांत तर मी अन् कोमलच होतो." कोमल खाली बसून मातीच्या म्हशीला शेपूट लावत होती. "तूच सांगितलं ना गं? कावून सांगितलं?"

कोमल उभी राहिली. शेपूट हातातच. "म... मी... मी न्हाई..." आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. वर्गात शब्द यायला वेळ लागला की ती नेहमी बघायची तसंच — ताई थांबेल, ताई कुणाला मधे बोलू देणार नाही, या भरवशाने. तिची मान वाकडी झाली, डोळे मिटले. "ता... ता..."

तो शब्द काय आहे हे त्या लिंबाखाली दोघींनाच माहीत होतं.

मी म्हणाले, "राहू दे, कोमल. बस खाली."

मायेने म्हणाले. डोक्यावरून हातही फिरवला. वर्गात मी पहिल्यांदाच कुणाचं वाक्य तोडलं होतं, आणि ते का तोडतेय हे मला पक्कं माहीत होतं.

"बघा," पूजा म्हणाली, "खोटं हाय म्हणून बोलता येईना तिला."

कोमल खाली बसली. शेपूट न लावताच म्हैस तिने मातीत परत मळून टाकली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. छावणीत बाजांच्या उभ्या लाकडांना गुढ्या बांधलेल्या, पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठी. कोमलने आपल्या गाठीतलं एक पदक तोडलं आणि करवंटीच्या काट्यात ठेवलं, पूजाच्या बाजूला. पूजाने काटा उचलला, ते पदक खाली ओतलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळाने त्याला मुंग्या लागल्या. मी बघत होते. तेव्हाही सांगता आलं असतं. किती सोपं होतं — दोन शब्द! मला तर अडखळायला होत नाही.

त्यानंतर कोमल म्हैस झाली नाही. "हो" साठी मान हलवायची, "नाही" साठीही मानच. मी तिला खेळात घ्यायला जायची, ती मातीकडे बघायची. छावणी उठली तेव्हा आजोबांच्या मागून म्हशीचं दावं धरून गेली. मी हात केला. तिनेही केला. तेच मला अजून सोसत नाही — तिने हात केला.

आणि मी काय केलं? पुस्तिका लिहिली. तिच्यात "छावणी-छावणी" हा खेळ आहे, आणि प्रशिक्षणात मी तो नेहमी शेवटी ठेवते. सांगते, एका मुलीने खेळता खेळता कसं सत्य बाहेर काढलं. तुम्ही टाळ्या वाजवता. तुमच्यातली एक जण मागे डोळे पुसत होती. त्या गोष्टीत म्हैस नसते. पूजाच्या बापाची मजुरी नसते. त्याच पानाच्या तळाला चौकटीत छापलंय — अडखळणाऱ्या मुलाला वेळ द्या. ते मी लिहिलंय. मी!

घाबरले म्हणून खोटं बोलले, वय लहान होतं, लढा मोठा होता — असलं काही मी म्हणणार नाही. मला पत्रकं लिहिता येतात. ठरवलं तर स्वतःचाही बचाव झकास लिहीन. म्हणूनच लिहीत नाही.

माफी तुमच्याकडे मागत नाही; ती द्यायचा हक्क तुमचा नाही. पण एक काम मात्र तुम्ही केलंच पाहिजे. पुस्तिका काढा. ते पान उघडा. त्या चौकटीखाली पेनने, ठसठशीत अक्षरात, कोमलचं वाक्य पूर्ण लिहा — "मी न्हाई, ताईनं लिवलं." आणि पुढच्या वर्गात खेळ सुरू करायच्या आधी, मुलांसमोर उभं राहून ते मोठ्याने वाचा. अर्ध्यात तोडू नका.