मधल्या सुट्टीतलं चित्र

साताऱ्यात कुणी विचारलं की माझे वडील सांगायचे, "पोरगी सांगलीला कॉलेजात प्रोफेसर हाय." कसली प्रोफेसर, ते सांगत नसत. कुणी खोदून विचारलंच तर पेन्शनचा नाहीतर हवेचा विषय काढत. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची मुलगी विश्रामबागेतल्या एका कला महाविद्यालयात पोरांना चित्रं काढायला शिकवते, हे माजी सैनिकांच्या कट्ट्यावर सांगण्यासारखं त्यांना वाटत नव्हतं. मी पन्नाशीला आले तरी मला ते लागायचं.

आई गेल्यापासून ते हिवाळ्यात माझ्याकडे येतात. गेल्या हिवाळ्यात ते आलेले असताना आमच्या व्यक्तिचित्रणाच्या वर्गाचं मॉडेल आजारी पडलं. मॉडेल म्हणजे समोर न हलता बसणारा माणूस. आमच्याकडे एक म्हातारे फुलवाले बसायचे. शेवटच्या वर्षाची एक मुलगी, जतकडची, विद्यार्थ्यांच्या राज्य प्रदर्शनासाठी चित्र करणार होती. मुदत तोंडावर आली होती, आणि पुढच्या वर्षी ती विद्यार्थिनीच राहणार नव्हती. शिवाय आमच्या कॉलेजचं एकही व्यक्तिचित्र तिथे आजवर लागलेलं नव्हतं. जेवताना मी ही रड सांगितली. वडिलांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "नुसतं बसायचंच हाय न्हवं? मग मी हाय की."

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला पीळ देऊन ते वर्गात हजर. चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसले ते असे, की आता कुणी बडा साहेब सलामी घ्यायला येणार आहे. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या खिडकीत. गालावर डास बसला तरी हलले नाहीत. पोरं थक्क झाली आणि चित्रं सगळी वाया गेली. ज्या कॅनव्हासवर बघावं तिथे पासपोर्टचा फोटो.

"अण्णा, जरा सैल बसा ना," मी म्हटलं.

"ड्यूटीवर सैल बसत न्हाईत," ते खिडकीला म्हणाले.

जतची पोरगी माझ्या कानाशी आली. "मॅडम, ह्यात आजोबा न्हाईतच. नुसता युनिफॉर्म हाय, त्यो बी घातल्याला नसताना."

मॉडेलला अधूनमधून सुट्टी द्यावी लागते, नाहीतर अंग आखडतं. पहिल्याच सुट्टीत वडिलांना टेबलावर माझे ब्रश दिसले. रंग वाळून काड्या झाल्या होत्या. "हत्यार असं ठिवत्यात व्हय?" असं म्हणत त्यांनी चिंधी मागितली, टर्पेंटाइनची बाटली पुढे ओढली आणि चौथऱ्याच्या पायरीवर बसून रायफल साफ करावी तसे ते ब्रश साफ करायला लागले. खरं सांगायचं तर त्यांनी माझे चांगले ब्रश घासघासून टकले केले. पण घासता घासता पाठ वाकली, चष्मा नाकावर घसरला, खालचा ओठ पुढे आला. माझ्या लहानपणी रजेवर आले की ते असेच बसून माझी शाळेची चप्पल दुरुस्त करायचे. जतच्या पोरीने ते पाहिलं. तिने ताठ आजोबांचा कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि नवा लावला.

त्यानंतर वडील खुर्चीत ताठ बसले की ती फक्त मागची भिंत आणि शर्ट रंगवायची. खरं चित्र सुट्टीत व्हायचं. सुट्टी लांबावी म्हणून ती आपलेही ब्रश मुद्दाम बरबटून ठेवायची. मला सगळं कळत होतं आणि मी घड्याळाकडे बघत नव्हते.

काम संपलं तेव्हा वडिलांनी कॅनव्हासच्या पलीकडे जाऊन पाहिलं आणि भडकले. "मी दगडासारका बसलो त्ये कुठं गेलं?"

पोरगी घाबरली नाही. "आवं आजोबा, ताठ बसल्यालं समदेच बघत्यात. ह्ये कोण बघतंय?"

वर्गात त्यांनी नुसता चष्मा काढून खिशात घातला. घरी मात्र मला ऐकवलं, "कमरंत वाकल्याला सुभेदार. लोकं काय म्हणतील?" चित्र पाठवू नका म्हणाले असते, तर मी त्या पोरीला काय तोंड दाखवलं असतं कोण जाणे. पण तेवढं म्हणाले नाहीत. बॅग भरली आणि साताऱ्याला गेले.

चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. बातमी कळली तेव्हा मी वर्गातच रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. फाटकाजवळच्या फळ्यावर मी स्वतः रंगीत खडूने बातमी लिहिली. पोरीचं नाव एवढं मोठं काढलं की कबड्डीच्या निकालाला जागा उरली नाही. तिचे आईवडील जतहून आले, फळ्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतला. मग वडिलांना फोन केला. "ब्येस झालं," ते म्हणाले, आणि सांगलीच्या हवेची चौकशी केली. माझा आनंद तेवढ्यापुरता खट्टू झाला.

चित्र परत आल्यावर आम्ही ते कॉलेजच्या हॉलमध्ये लावलं. त्याच आठवड्यात एका सकाळी फाटकाशी साताऱ्याची एक जीप थांबली आणि त्यातून कट्ट्यावरची सगळी फौज उतरली. वडील सगळ्यांच्या पुढे, तोच कडक शर्ट. मला काही कळवलेलं नव्हतं. मी हॉलच्या दाराशीच थांबले.

सगळे चित्रापुढे रांगेत उभे राहिले. मग एकाने पुढे वाकून विचारलं, "सुभेदारसाब, हातात काय धरलंय ह्ये?"

वडिलांनी मागे वळून आधी मला शोधलं.

"ब्रश हाय. माझ्या पोरीचं हत्यार," ते म्हणाले. "चित्रकला शिकवती ती हितं."