ओठांवर आलेला शब्द

पिकलेल्या पेरूंचा वास आला की मला गंगापूर रोडवरची ती सकाळ आठवते. बाबांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण आजारपणामुळे तेव्हा त्यांना साधे शब्दही सापडेनासे झाले होते. "त्यांना बोलू द्या, शब्द त्यांचे त्यांना शोधू द्या," असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं, म्हणून ऑफिसला जाण्याआधी मी त्यांना फळांच्या गाडीवर घेऊन गेले. बाबा पेरूंकडे बघत म्हणाले, "अर्धा किलो... ते हे..." आणि अडले. "आठवू द्या ताई, थांबतो मी," फळवाले चाचा म्हणाले. बाबांचे ओठ हलत होते, कपाळावर घाम आला होता, आणि मला उशीर होत होता. "पेरू! पेरू द्या त्यांना," मी बोलून गेले. बाबांचा चेहरा पडला. घरी येताना ते एवढंच म्हणाले, "आला होता गं ओठांवर." त्यानंतर काही हवं असलं की ते माझ्यासमोर नुसतं बोट दाखवायचे. आत्या आली की मात्र तिच्याशी अडखळत, थांबत तासभर बोलायचे. मी खोलीत शिरले की गप्प व्हायचे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, मीही निवृत्त झाले. आता मला कुठेच वेळेवर पोचायचं नसतं.