पहिला हात माझा

दाभोळच्या नसरुद्दीन परकारचा हात आधी चालायचा आणि डोकं मागाहून. ऐन विशीत त्यानं ट्रॉलरवरच्या म्होरक्याला, तांडेलाला, समुद्रात ढकललं होतं, कारण काय, तर तांडेलानं त्याच्या बापाला शिवी दिली. बरं, ढकलल्यावर स्वतःच उडी मारून त्याला वर काढलं आणि फळीवर बसवून पुन्हा दोन ठेवून दिल्या. असला प्राणी! सगळ्या गावानं त्याच्यापुढे हात टेकले, तेव्हा चुलत्यानं व्हिसा काढून त्याला सौदीला पाठवला. वाळवंटात भांडणार तरी कुणाशी, असं चुलत्याला वाटलं असावं.

पण भांडायला माणसं सगळीकडे मिळतात. बुरैदाच्या खजूर बाजारात नसरुद्दीन सोळा वर्षं होता. हंगामात सकाळी गाड्यांच्या रांगा लागतात, सुक्करी खजुराचे खोके उतरतात, लिलाववाले घसा फाडून ओरडतात, आणि खोक्याला खोका घासला तरी माणसं एकमेकांच्या गळपट्टीला धरतात. चार वर्षांपूर्वी अशाच एका भांडणात त्यानं एका पिकअपवाल्याचं नाक फोडलं. पोलिसांनी त्याच्याकडून लिहून घेतलं: पुन्हा हात उचलला तर खुरूज. म्हणजे शिक्का मारून विमानात बसवणार, आणि परत यायचं नाव नाही. लेक अफशाँला नर्स व्हायचं होतं; आता ती रत्नागिरीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बापाची नोकरी गेली की तिचं शिक्षण संपलं. म्हणून त्या दिवसापासून नसरुद्दीननं हात आवरले. राग आला की तो शीतगृहात जाऊन मोकळ्या खोक्यांना लाथा मारायचा.

त्या शीतगृहाचा मेकॅनिक फिरास. हा माणूस अगदी उलट, गरीब गाय. जन्म बुरैदाचाच, पण आईबाप गाझाहून आलेले, त्यामुळे तो इथलाही नाही. इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, लिहिलेलं ‘फलस्तीनी’. पासपोर्टाऐवजी इजिप्तनं निर्वासितांना दिलेलं एक निळं पुस्तक, आणि ते दाखवून इजिप्तलाही सहज जाता येत नाही. नसरुद्दीनला हे सोळा वर्षांत कधी धड कळलं नाही. ‘अरे, माणसाला देश नसतो असं कसं?’ म्हणायचा. ‘आमच्याकडे कोंबडीला पण खुराडं असतं.’ फिरास हसायचा. खोक्यांना लाथा मारणाऱ्या या कोकण्यासाठी तो कॉम्प्रेसरमागे चहा ठेवायचा, आणि दोघं बसून बोलायचे. फिरासची बहीण सल्मा लग्न करून गाझाला गेलेली, तिला तीन पोरं. तिथं युद्ध पेटल्यापासून दोन वर्षं फोन वाजला की फिरासचा चेहरा पांढरा पडायचा.

गेल्या सप्टेंबरात चहावाल्याच्या टीव्हीवर बातमी झळकली. मोठमोठ्या देशांनी पॅलेस्टाइनला देश म्हणून मान्यता दिली! बाजारात गलका झाला, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी म्हणालं, कागदावरचा देश, त्याचं काय लोणचं घालायचंय? नसरुद्दीनला मात्र खरंच आनंद झाला. फिरासला देश मिळाला! आता आपल्या माणसाला चांगली बातमी मिळाली की काय करायचं, हे कोकणी माणसाला शिकवावं लागत नाही. त्यानं खोक्यातला सगळ्यात मऊ, मधाळ सुक्करी उचलला, धावत शीतगृहात गेला, आणि पाठमोऱ्या फिरासला खांद्याला धरून वळवून खजूर थेट त्याच्या तोंडात कोंबला. ‘मबरूक! तोंड गोड कर! मुल्क झाला तुझा!’

त्याला माहीतच नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी फिरासला फोन आला होता. सल्मा ज्या घरात आसऱ्याला होती त्यावर बॉम्ब पडला. सल्मा गेली, तिन्ही पोरं गेली. त्या लोकांत मयताच्या घरी आलेल्यांना कडू कॉफीबरोबर खजूरच देतात. बहिणीच्या मयताचा पहिला खजूर मित्रानं हसत हसत तोंडात कोंबला.

फिरासनं तो थुंकला. मग हातात पाना होता, दोन फुटी, तो फिरवला. पहिला घाव जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज नसरुद्दीननं आपल्याच कानानं ऐकला. दुसरा मनगटावर, तिसरा खांद्यावर. फिरास तोंडानं काही बोलत नव्हता, नुसता मारत होता, जनावर मारतात तसा. नसरुद्दीन खोक्यांवर पडला, खोके फुटले, चिकट खजुरात त्याचं रक्त सांडलं. चार वर्षांची सवय, हात वर येईचनात. शेवटी पाना डोक्यावर आला तेव्हा जीव वाचवायला त्यानं लाथ मारली. फिरास मागं गेला, लोखंडी दारावर आपटला, भुवई फुटून अर्धं तोंड लाल झालं. तरी तो पुन्हा उठून आला. मग माणसं धावली, दोघांना ओढून वेगळं केलं.

‘ठोक केस!’ इस्पितळात तौकीर म्हणाला. तौकीर त्याचा खोलीतला सोबती, खेडचा. ‘जबडा मोडला तुझा! सोडतोस काय त्याला?’ मग खाली बघत त्यानं सल्माची आणि पोरांची बातमी सांगितली. नसरुद्दीनच्या तोंडात तारा होत्या, त्याला ओरडता येईना. त्यानं धड असलेला हात भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला, नर्स येईपर्यंत आपटत राहिला. हरामखोरा, तो मनात स्वतःलाच म्हणत होता, खजूर भरवायला गेलास!

आठवड्यानं ठाण्यात दोघांना समोरासमोर बसवलं. शीतगृहात कॅमेरा नव्हता, आणि बाजारातला एकही जण बघितलं म्हणायला तयार नव्हता. अधिकारी वयस्क होता, सभ्य होता. त्याच्यापुढे नसरुद्दीननं लिहून दिलेला जुना कागद पडला होता. ‘एकच विचारतो,’ तो म्हणाला. ‘पहिला हात कुणाचा? ज्याचा असेल तो देशाबाहेर जाईल.’

नसरुद्दीननं तारांमधून कसंबसं विचारलं, ‘याचा निघाला तर याला कुठे पाठवाल?’

अधिकाऱ्यानं फिरासचं निळं पुस्तक उघडलं, मिटलं. ‘कुणी घेईपर्यंत कोठडीत बसेल. कोण घेणार, ते अल्लाला माहीत.’

‘मग मला पाठवा!’ फिरास एकदम उठला. ‘मी मारलं! पाना माझा होता! गाझाला पाठवा, सल्माला पुरलंय तिथं पाठवा! तुमचे टीव्हीवाले म्हणतात ना देश झाला? मग पाठवा ना माझ्या देशात!’ त्यानं टेबलावर मूठ हाणली, पुन्हा हाणली, टाके तुटून भुवईतून रक्त यायला लागलं. दोन शिपायांनी त्याला धरलं.

‘बाळा, रस्ता नाही,’ अधिकारी हळू म्हणाला.

नसरुद्दीनला अफशाँ आठवली. पांढऱ्या गणवेशातला तिचा फोटो त्यानं पाकिटात ठेवला होता. सोळा वर्षं खोके उचलले ते काय यासाठी? डोळ्यांत पाणी आलं. आणि त्यानं टेबलावरचा पेन उचलला. ‘पहिला हात माझा,’ तो म्हणाला. ‘माझं कसं आहे ते त्या कागदात लिहिलेलंच आहे. हा दुःखानं काहीही बरळतोय.’

अधिकाऱ्यानं त्याच्या मोडक्या जबड्याकडे बघितलं. खोटं त्याला कळत नव्हतं असं नाही. त्यानं सही घेतली.

निघायच्या दिवशी फिरास नसरुद्दीनला भेटायला त्याच्या कोठडीच्या गजांपाशी आला. माफी मागितली नाही, आभार मानले नाहीत. एवढंच म्हणाला, ‘घरी पोचलास की फोन लाव. दार उघडायच्या आधी लाव आणि चालू ठेव. आपल्या घरी परतलेल्या माणसाला आत कसं घेतात ते ऐकायचंय.’

दाभोळला नसरुद्दीननं तसंच केलं. फोन लावला, दार वाजवलं. दार उघडलं आणि बायकोच्या, शरफुन्निसाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ‘उचललात ना परत हात? सोळा वर्षं झाली, अक्कल काही आली नाही! पोरीच्या कॉलेजचं काय करू आता, तुमचा हा सुजलेला जबडा दाखवू तिथं? आणि असे वाळलात कशानं? या आत, बसा, पेज टाकते. या म्हणते ना!’ रडत होती, ओरडत होती, त्याचा सदरा ओढत होती. रत्नागिरीहून आलेली अफशाँ मागून येऊन बापाला बिलगली.

शरफुन्निसाला त्याच्या हातात उजळलेला फोन दिसला. ‘कोण आहे हे?’ म्हणून तिनं तो कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं करकरणारं दार लोटायला लागली.

पलीकडून कुणी मोडक्या हिंदीत म्हणालं, ‘दरवाजा बंद नहीं करना, बहन. थोडा और बोलो.’