बंगला न दाखवणारे भाऊजी

जुने बंगले दाखवणारे गाइड जगात पुष्कळ असतील. पण बंगल्याचा उंबराही न ओलांडता बंगला दाखवायची विद्या साधली ती एकट्या आमच्या भाऊजींना. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. भांडुपच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी असलेला एका इंग्रज साहेबाचा बंगला लोकांना दाखवायचं काम त्यांनी हौसेनं पत्करलं. एका ट्रस्टनं तो फार निगुतीनं जपलाय. साहेबाचा पलंग, मडमेचा पियानो, सागवानी जिना, सगळं जागच्या जागी. आणि भोवती बाग. घात केला तो त्या बागेनं.

रविवारी सकाळी लोक फाटकाशी जमायचे. भाऊजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि पहिल्याच बकुळीखाली थांबायचे. पडलेली फुलं एकेकाच्या तळहातावर ठेवायचे आणि वास घेतल्याशिवाय कुणाला पुढे सोडायचे नाहीत. सर्दी झालेल्या एका गृहस्थांना तर त्यांनी "मग पुढच्या रविवारी या" म्हणून खरोखरच घरी पाठवलं होतं. बकुळीवरून कैलासपती, तिथून गोरखचिंच, तिथून मडमेनं हौसेनं लावलेल्या आणि इथल्या उकाड्यात कधीच न फुललेल्या गुलाबांचा वाफा. "बिचारी पाणी घालून घालून दमली. शेवटी माळ्यानं तिथे अळू लावलं. काय झकास आलंय बघा!" एखाद्या बाईंनी धीर करून "काका, बंगला कधी बघायचा?" असं विचारलं, की भाऊजी दुखावल्यासारखे बघायचे. "बंगला काय, पळून जातोय का? हे फूल दुपारी गळणार." मग दुपार व्हायची, फूल गळायचं आणि बंगला बंद व्हायची वेळ व्हायची. मी स्वतः कितीतरी रविवार गेले, पण तो पियानो मला नुसता ऐकूनच माहीत होता.

अखेर तक्रारी पोचल्या. ट्रस्टच्या मॅनेजर बाई स्वभावानं गोड, पण त्यांचाही नाइलाज झाला. "काका, या रविवारी फक्त आत फिरवायचं. बागेत पाऊल नाही. नाहीतर मला दुसरा गाइड बघावा लागेल." त्या आठवड्यात भाऊजी धड जेवले नाहीत. "वाट लागली गं," एवढंच मला म्हणाले.

त्या रविवारी मी मुद्दाम गेले. भाऊजी दाराशी अडखळले, मग आत शिरले आणि तडक जेवणघराच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. "हे साहेबाचं जेवणघर. इथून बकुळ दिसते." निजायच्या खोलीत म्हणाले, "हा पलंग. उजव्या कुशीवर वळलं की साहेबाला गोरखचिंच दिसायची, डाव्या कुशीवर मडम. तो कुठल्या कुशीवर झोपायचा, ते मी सांगत नाही." लोक हसले. मॅनेजर बाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

घोळक्यात जोगेश्वरीहून सुनेबरोबर आलेल्या एक आजी होत्या, चाकाच्या खुर्चीत. बाकीचे जिना बघायला निघाले तरी त्या तिथल्या खिडकीपाशीच राहिल्या. "आमचं बागेत फिरणं केव्हाच संपलं हो," त्या म्हणाल्या. "अजून काय काय दिसतं इथून?"

भाऊजी त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसले, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आले, आणि एकेक झाड दाखवत राहिले. आजी मध्येच सुनेला म्हणायच्या, "ऐकलंस का गं?" मॅनेजर बाई भाऊजींना उठवायला म्हणून आल्या आणि दारातच ऐकत उभ्या राहिल्या.

आता महिन्यातला एक रविवार गुडघे धरलेल्यांचा, काठीवाल्यांचा असतो. खिडक्यांशी खुर्च्या मांडतात आणि भाऊजी त्यांना बसल्या जागी बाग हिंडवून आणतात. बाकीच्या रविवारी बाहेरचं राज्य त्यांचं. आतलं सगळं एक चुणचुणीत मुलगी दाखवते. पियानोसकट.

परवा बंगला बंद व्हायच्या वेळी मी त्यांना आणायला गेले होते. चालता चालता विचारलंच, "भाऊजी, खरं सांगा, तुम्हाला बंगला आवडतच नाही का?"

"आवडतो की. आम्ही दोघं भाऊ वाकोल्याच्या एका खोलीत वाढलो, तुला ठाऊकच आहे. मोठ्या घरात पाऊल टाकलं की मला अजून वाटतं, आता आतून कुणीतरी येणार आणि विचारणार, 'कोण हवंय?' झाडाखाली तसं कुणी विचारत नाही गं."

एवढं बोलून त्यांनी फाटक हलकेच ओढून घेतलं, आणि आम्ही रिक्षा शोधायला लागलो.