खड्ड्यातला चेंडू आणि आबा

उपरण्याचं टोक नाकाला लावायचं, खड्ड्याच्या काठावर थांबायचं आणि आत उतरण्याआधी एकदा विचारायचं, "हाई रेती शे का उकिरडा?" आबांची सकाळ अशी सुरू व्हायची. उत्तर द्यायला तिथे कोणी नसे. मग ते दाताळं घेऊन खाली उतरत.

गोल्फच्या मैदानात मुद्दाम केलेले वाळूचे खड्डे असतात. त्यांना बंकर म्हणतात. भुसावळच्या अलीकडे आमच्या कारखान्याची वसाहत होती आणि साहेबलोकांच्या हौसेखातर तिच्या मागच्या माळावर नऊ भोकांचं मैदान केलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. गवत पावसाळ्यापुरतं. बंकरात सुरुवातीला तापीची वाळू टाकली होती म्हणे. मी रुजू झालो तोवर तिचा मुरूम झाला होता. त्यात बाभळीचे काटे, बकऱ्यांच्या लेंड्या, विड्यांची थोटकं, केळीची सालं आणि फुटक्या बाटल्या. पहाटे तिथे माणसंही बसून जात. हे लिहायलाही किळस येते, पण आम्ही रविवारी पांढऱ्या टोप्या घालून त्याच घाणीभोवती इंग्रजीत बोलत हिंडायचो, त्याची किळस मला जास्त येते.

आबा धुळ्याकडचे, शिरपूरच्या बाजूच्या एका खेड्यातले. कारखान्यात हंगामी मदतनीस. बारा वर्षं हंगामीच. मैदान राखायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्यांना तिकडे धाडलं होतं. पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा माणूस. शेतकऱ्याच्या घरचा असल्यामुळे घाण उपसण्याची त्यांना लाज नव्हती. घाण करणाऱ्याची मात्र फार चीड होती.

मैदान ज्यांनी सुरू केलं ते जुने साहेब नियमांचे पक्के. इंग्रजी पुस्तकातला एकेक नियम ते आबांना समजावून सांगत आणि आबा तो शाळकरी वहीत आपल्या मराठीत उतरवून घेत. साहेब निवृत्त झाले, वही राहिली. वसाहतीत गोल्फचे सगळे नियम माहीत असलेला माणूस एकच, आणि तो दाताळं चालवणारा. सामन्याच्या दिवशी पंच म्हणून त्यांनाच उभं करत. त्यात कौतुक किती आणि गंमत किती, हे मला तेव्हाही कळत होतं.

बंकरात रुतून बसलेला, मारताच येत नाही असा चेंडू असतो. आबांनी त्याला अडेल चेंडू म्हटलं होतं, अडेल बैलासारखा. मी त्यांच्या वहीत वाचलं होतं: "अडेल आहे की नाही हे खेळणाऱ्याने ठरवावे. दंड एक फटका. खड्ड्यातला चेंडू खड्ड्यातच टाकावा, नाही तर आधी जिथून मारला तिथे परत जावे. घाण आहे म्हणून बाहेर घेता येत नाही." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

आमच्यात चाल वेगळीच होती. चेंडू बंकरात पडला की समोरचा लगेच म्हणे, "घ्या हो बाहेर, कुठे त्या घाणीत हात घालता." याला आम्ही सभ्यपणा समजायचो. आज मी तुम्हाला सोडलं, उद्या तुम्ही मला सोडा. आबा लांबून बघत आणि तोंड फिरवत. आत उतरून आलेला एखादा साहेब वाळूतले पायाचे ठसे सारखे न करता निघाला, तर मात्र ते अडवत. "साहेब, आपला पाय आपुन पुसाना." साहेब हसून पुढे जात. पाय आबाच पुसत. पुसताना पुटपुटत काय, ते मी एकदा जवळून ऐकलं आहे, इथे लिहिण्यासारखं नाही.

आता त्या मार्चमधल्या रविवाराबद्दल सांगतो. वार्षिक चषकाची अंतिम फेरी होती. एका बाजूला मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे प्रमुख, आणि दुसऱ्या बाजूला मी. मी चांगला खेळत होतो असं नाही, बाकीचे त्यांच्यापुढे येण्याआधीच हरून घेत होते. माझा गोपनीय अहवाल त्याच महिन्यात मोठे साहेब लिहिणार होते. आबांना कायम करण्याची फाईलही तेव्हाच त्यांच्या टेबलावर आली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा. आबांनी ते मला स्वतः सांगितलं होतं. सांगताना आवाज इतका बारीक केला होता की बोलल्याने फाईल परत जाईल असं वाटावं.

आठव्या भोकापाशी आम्ही बरोबरीत होतो. साहेबांचा चेंडू बंकरात गेला आणि नेमका वसाहतीतल्या कुत्रीने उकरलेल्या खळग्यात जाऊन बसला. ऊन तापलं की ती तिथे ओली माती उकरून पडून राही. खळग्यात केस, हाडकं आणि असा वास, की साहेबांनी रुमाल काढला. म्हणाले, हे जनावराचं बीळ आहे, बिळातला चेंडू बिनदंड उचलता येतो.

पंधरा-वीस माणसं बघत होती, त्यांत बाहेरचे पाहुणेही होते. आबा खाली वाकले, खळगा पाहिला आणि म्हणाले, "कुत्रं बीळमा ऱ्हास नही, साहेब. नुसतं गार जागा देखीसन लोळस." मग शुद्ध मराठीत सांगितलं, की चेंडू अडेल म्हणा, एक फटका दंड घ्या आणि इथेच टाका, किंवा मागे जा.

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. टाकायला स्वच्छ जागा वीतभर नव्हती. मागे जावं तर सामना हातचा जात होता. ते माझ्याकडे बघू लागले. मीच बोललो.

"बाहेर घ्या साहेब. दंड नको. माझी काही हरकत नाही."

साहेबांनी चेंडू उचलला, पुसला आणि गवतावर ठेवला.

आबांनी हातातली वही मिटली. "आते दोन्ही बाद," ते म्हणाले. खेळणाऱ्या दोघांनी आपसात ठरवून नियम बाजूला ठेवला तर दोघेही बाद, असा नियम आहे. नियम खराच होता, पुढे मी इंग्रजी पुस्तकात पाहिला. त्या क्षणी मात्र मी आबांकडे पाहून हसलो. साहेब हसले म्हणून हसलो. आम्ही पुढे खेळलो, साहेब जिंकले, चषक त्यांना मिळाला आणि कचोरी-चहा झाला. आबा दाताळं घेऊन त्याच बंकरात उतरले होते. तिकडे कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी माझ्या टेबलाशी कागद घेऊन आले. त्यात लिहिलं होतं, की खेळाडूंमध्ये असं काही बोलणं झालंच नव्हतं, पंचाने मनाचं सांगून पाहुण्यांसमोर उद्धटपणा केला. खाली माझ्या सहीची जागा. मी कागद दोनदा वाचला आणि सही केली. सही नेहमीसारखी, रेघेवर आली. माझी मला आजही शिसारी येते ती या गोष्टीची.

आठवड्यात आबांची फाईल परत आली. 'गरज नाही' एवढाच शेरा. हंगामी कामही महिनाअखेर संपलं असं त्यांना सांगण्यात आलं. मला पुढे बढती मिळाली, हे वेगळं सांगायला नको.

जायच्या दिवशी दुपारी ते माझ्या क्वार्टरवर आले. हातात पिशवी, डोक्याला उपरणं. बायकोने पाणी दिलं, ते उभ्यानेच प्याले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मला वाटलं, शब्द टाका म्हणतील, किंवा शिव्या देतील. दोन्हीची तयारी मी करून ठेवली होती.

त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, त्या दिनले 'बाहेर घ्या' आसं तुम्ही बोलनात, का नही बोलनात?"

घरात बायको होती. बाहेर शेजाऱ्यांचं दार उघडं होतं. मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही, आबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. खळग्यावर वाकून पाहिलं होतं, तसंच, नीट. मग मान हलवली.

"मंग चूक मनी शे," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरले.

चूक आपली, हे म्हणण्यात टोमणा असता तर सोसला असता. पण तो माणूस टोमणे मारणारा नव्हता. माझ्या शब्दापुढे त्यांनी आपला शब्द खरोखरच मागे घेतला होता. फाटकापर्यंत चाळीसेक पावलं होती आणि ते सावकाश चालत होते. तेवढ्यात हाक मारून खरं सांगता आलं असतं. मी दारात उभा राहून, ते फाटकाबाहेर कधी पडतात याची वाट पाहत होतो.