सोफ्यामागची जागा

सोफा दाखवला की कुठलाही कारागीर त्याच्या समोर उभा राहतो. आमचा डिचोलीचा मेस्त थेट पाठीमागे जायचा. भिंतीत आणि सोफ्यात वीतभर जागा असली तरी अंग चोरून आत शिरायचा, वाकून पाठीच्या कापडावरून तळहात फिरवायचा आणि तिथूनच विचारायचा, "हांगा बसता कोण?"

घरमालक म्हणायचा, "आमीच."

"तशें न्हय. खंय कोण बसता तें सांग. बसता ताणें रंग सांगचो."

जो बसतो त्यानं रंग सांगायचा, हा त्याचा नियम होता, आणि नियम सोडून तो एक खिळा ठोकत नसे. तुम्ही कधी कुणा सुताराला किंवा रंगाऱ्याला घरातल्या प्रत्येक माणसाची पसंती विचारताना पाहिलंय? मी तरी नाही. घरातला कर्ता बोट दाखवतो आणि काम होतं. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात. हा सुतारकामातून सोफ्यांकडे वळलेला, राहायला लाटंबार्शाला, दुकान डिचोलीच्या बाजारामागच्या एका पडवीत. किडकिडीत अंग, गळ्यात टेप आणि ओठांत धरलेले बारीक खिळे. खिळे तोंडात असताना तो बोलायचा नाही, तेवढीच गिऱ्हाइकांना विश्रांती.

एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या सोफ्याची गोष्ट डिचोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. तीन जागांपैकी डावीकडची पार खचली होती. मेस्तानं विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, तिथं शेजारचे तात्या रोज सकाळी पेपर वाचायला येऊन बसतात. "मग तात्याक आपय," मेस्त म्हणाला. मास्तरांना वाटलं, थट्टा करतोय. पण तात्यांना बोलवावंच लागलं. तात्यांनी तासभर नमुने चाळले आणि मोठमोठ्या गुलाबी फुलांचं कापड पसंत केलं. मास्तरांच्या बायकोनं त्यानंतर वर्षभर तात्यांना चहा विचारला नाही म्हणतात. मेस्ताला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

आमच्या घरी तो आला तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, वर्षश्राद्ध नुकतंच उरकलं होतं आणि थोरल्या भावाचं, दादाचं, लग्न जुळत होतं. मुलीकडची माणसं फोंड्याहून घर बघायला यायची होती. सोफा बाबांच्या वेळचा, रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर डोकावणारा. दादाचे दोन ट्रक खाणीवर चालत. बाबांनंतर घरात त्याचाच शब्द होता. शब्द कसला, आवाजच. मी शाळेत शिकवत होते. वर्गात मोठ्यानं बोलायचे आणि घराची पायरी चढले की आईसारखी हळू बोलायचे.

मेस्त रिवाजाप्रमाणे पाठीमागे गेला. या वेळी बराच वेळ वर आलाच नाही. मग त्यानं विचारलं, "हांगा कोण उबें रावता?"

दादा म्हणाला, "कितें?"

मेस्तानं दाखवलं. पाठीच्या वरच्या कडेला, उजवीकडे, हाताच्या पंजाएवढ्या जागी रेक्झिन झिजून आतलं पांढरं कापड दिसत होतं. "हात दवरून दवरून झिजलां," तो म्हणाला. "एका वर्साचें काम न्हय हें."

मला ठाऊक होतं. तिथं माझी आई उभी राहायची. बाबा बसायचे, पाहुणे बसायचे आणि आई पाठीमागे, पाठीवर हात ठेवून, कुणाचा चहा संपला, कुणाला पाणी हवं ते बघत उभी. बाबा गेल्यावरही ती तिथंच उभी राहत होती. त्या सोफ्यावर बसलेली मी तिला एकदाही पाहिली नव्हती आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. हे लिहिताना आज लाज वाटते.

"वयनी, रंग तुमी सांगात," मेस्त आईला म्हणाला.

"म्हाका कितें? खंयचोय घाला," आई कुठलाही चालेल अशा सुरात म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दादानं निकाल लावला. "मेस्ता, कॉफी कलर घाल. खाणीची धूळ दिसना."

ते खरंच होतं. मालाचे ट्रक आमच्या दारावरून जायचे. तांबडी धूळ खिडक्या बंद केल्या तरी आत यायची. त्या काळात डिचोलीतले निम्मे सोफे कॉफीच्या रंगाचे होते.

मेस्तानं वाद घातला नाही. गाद्या आणि स्प्रिंगा त्यानं दुकानात नेल्या. सोफ्याचा सांगाडा आणि पाठ घरीच ठेवली आणि पाठीवर कापडाचे तीन तुकडे टाचून ठेवले. एक कॉफी, एक मरून आणि एक हिरवा, श्रावणातल्या भातासारखा. "आठ दीस रावूंदी," तो म्हणाला. "दुकानांतलो रंग दुकानाचो. हांगाची धूळ खातलो तो खरो."

आठ दिवसांनी, शुक्रवारी, तो परत आला. पाहुणे रविवारी यायचे होते. कॉफीच्या तुकड्याकडे बघून दादा खूश झाला. धूळ होती, पण दिसत नव्हती. मेस्तानं तिन्ही तुकड्यांवरून एकेक बोट फिरवलं आणि हात आमच्यापुढे धरला. दोन बोटं तांबडी, तिसरं स्वच्छ.

"हो हिरवो कोण पुसता?"

मी आईकडे पाहिलं. तिच्या पांढऱ्या पदराचं टोक तांबडं झालं होतं. दादानंही ते पाहिलं.

"आये, तुका हिरवो जाय?" त्याचा आवाज चढला. "बाबा गेल्याक वर्स जालें ना जालें. फोंड्याचीं मनशां कितें म्हणटलीं? घोव गेलो आनी सालांत हिरवेंगार?"

बैठकीच्या खोलीला आम्ही साल म्हणतो. त्या सालात, परक्या माणसासमोर, तो हे आईला म्हणाला. बाबा गेले त्या महिन्यात आईनं हिरव्या बांगड्या काढल्या होत्या आणि दोन हिरवी लुगडी मावशीला देऊन टाकली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नको असंही म्हटलं नव्हतं. वर्षभर तिच्या वाट्याला हिरवं म्हणून काही आलं नाही आणि मग हा वीतभर तुकडा आला. तो ती आठ दिवस, आम्ही घराबाहेर पडल्यावर, पदरानं पुसत होती. मला दादाचा भयंकर राग आला. पण मीही गप्पच राहिले.

मेस्तानं हातोडी उचलली आणि पिशवीत टाकली.

"मेस्ता, कॉफी घाल म्हणून सांगलां न्हय?"

"शेट, कॉफी घालपी मेस्त म्हापशाक मेळटले. हांव न्हय."

"आयतारा लोक येतले. उगड्या सांगाड्यार बसोवंचे?"

मेस्त उंबऱ्याजवळ उकिडवा बसून पिशवीचं तोंड बांधू लागला. इतक्या सावकाश पिशवी बांधणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. गाठ मारली, मनास आली नाही, सोडली. पुन्हा मारली, पुन्हा सोडली. दादा घड्याळ बघत होता. मी आईकडे बघत होते. आई सोफ्याच्या मागे, त्या झिजलेल्या जागी हात ठेवून उभी होती. हा माणूस आता निघून जाणार, मग म्हापशाचा कुणी येणार आणि पुन्हा कुणीही तिला विचारणार नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं.

"मेस्ता," आई म्हणाली. "हिरवो घाल."

दादा तडक बाहेर गेला. त्या दिवशी तो घरी जेवला नाही आणि रविवारपर्यंत कुणाशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत आईनं मला तीनदा विचारलं, "चुकलें गो म्हजें?" मी दर वेळी नाही म्हणाले, पण धास्ती मलाही होती. सोयरीक मोडली असती तर दादानं तिला जन्मभर ऐकवलं असतं.

रविवारी दहाच्या सुमारास मेस्तानं शेवटचा खिळा मारला आणि तो मागच्या दारानं निघून गेला. अकराला फोंड्याची माणसं आली. आई सोफ्यामागे जाऊन उभी राहिली. बोलणी सुरू होती. मुलीच्या आईनं बसल्या बसल्या गादीवरून हात फिरवला.

"रंग बरो आसा. कोणें काडलो?"

दादा हातातल्या कपाकडे बघत होता. मला वाटलं, आता हा मेस्ताचं नाव पुढं करणार.

"आयेन," दादा म्हणाला. मग मान वर न करताच म्हणाला, "आये, बस गो."

मधली जागा रिकामी होती. आई पुढं आली आणि अगदी कडेवर बसली, दुसऱ्याच्या घरी बसावं तशी. लग्न तिथंच ठरलं.

पुढच्या आठवड्यात मेस्त मला बाजारामागच्या पडवीत काम करताना दिसला. मी उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. त्यानं खिळे तोंडात ठेवूनच ऐकलं, मग ते हातावर काढले. "पाठ टेंकून बसली?"

"ना," मी म्हटलं.

"बसतली. वेळ लागता."

काही वर्षांनी तो गेला. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. आई म्हणाली, जाऊया. दुपारच्या बसनं आम्ही लाटंबार्शाला उतरलो. काजूच्या झाडांत त्याचं लहानसं घर होतं. त्याची बायको पडवीत चटईवर बसली होती. आई तिच्याशेजारी खाली बसली आणि तिला सगळी हकिगत सांगितली, धुळीची, हिरव्या तुकड्याची, पिशवीच्या गाठीची. आईला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या मागं भिंतीला टेकून दोन खुर्च्या होत्या, आमच्याकडची कदेलां, कॉफीच्या रंगाच्या रेक्झिनची.

"सगळ्यांक विचारतालो," ती म्हणाली. "म्हाका केन्नाच विचारूंक ना." आवाजात तक्रार नव्हती. होतं तसं सांगितलं.

मला मेस्ताचा राग आला आणि मेलेल्या माणसाचा राग आल्याचं वाईटही वाटलं. आईनं मात्र तिचा हात हातात घेतला.

"मग आतां सांग. तुका खंयचो रंग जाय?"

ती बाई थोडी हसली. मग हसू थांबलं आणि ती समोरच्या काजूंकडे बघत राहिली. रस्त्यावर डिचोलीच्या बसचा हॉर्न वाजला. पुढची बस दीड तासानं होती. मी पिशवी घेऊन अर्धी उठले.

आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"वचूंदी ती बस," ती म्हणाली. "हिका चिंतूंदी."