मोजडीचे चार वाटे

आमच्या मधल्या भावाइतका न्यायी माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्याच्या त्या न्यायाचा मला आजही संताप येतो.

आई गेल्यावर बागेची वाटणी त्यानेच केली. आंब्याची म्हातारी कलमं कुठली, फळ धरणारी कुठली, हे पाहून चार भावंडांचे चार हिस्से पाडले. आमच्या घरची रीत अशी की धाकट्याने आधी उचलायचं आणि वाटे करणाऱ्याने सगळ्यांत शेवटी. त्याने तेही पाळलं. कुणाला नाव ठेवायला जागा राहिली नाही. मग वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी पत्रावळी आणायला पालीला गेले. दुपारी परत येऊन बघते तर पडवीत केळीची चार पानं मांडलेली आणि त्यांवर आईची मोजडी. मासळीबाजारात बांगड्यांचे लावतात तसे चार वाटे.

मोजडी हे आईनेच ठेवलेलं नाव. ते खरं ऑर्किड. त्याच्या फुलाची खालची पाकळी फुगून तिचा छोटा जोडा झालेला असतो. मामा सैन्यात होता, त्याने फार वर्षांपूर्वी ते ईशान्येकडच्या डोंगरातून आणून दिलं. आमच्या उकाड्यात ते आठवडाभरही टिकणार नाही असं जो तो सांगून गेला. आईने हट्टाने जगवलं. कुंडीत जांभ्याचे खडे, कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, माती चिमूटभरही नाही. उन्हाळ्यात कुंडी फणसाखाली, पावसाळ्यात पडवीत, कारण पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की फुटवा कुजलाच. फुटवा एकदाच फुलतो, मग शेजारी पिल्लू काढतो आणि सावकाश वाळतो. त्यामुळे निदान तीन-चार फुटवे एकमेकांना धरून लागतात. सुटा फुटवा बहुधा जातो.

इतक्या वर्षांत आईने ते दोनदाच वेगळं केलं, दोन्ही वेळा फुलं सरल्यावर. कुंडी बादलीत भिजत घालायची, गड्डा अलगद बाहेर काढायचा, दोन्ही हातांत धरून जरासा पिळायचा. आपणहून सुटला तर सुटला, नाहीतर पुन्हा कुंडीत. "ते सोडतंय का बघायचं, आपण ओढायचं नाही," असं ती मला सांगायची. तिच्या हातात सुरी मी कधी पाहिली नाही.

आणि भावाने कोयती वापरली होती. ती बाजूलाच पडली होती, पात्याला तपकिरी केसाळ मुळं चिकटलेली. एका वाट्यात कळी होती, अजून मिटलेली.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"आठ फुटवे होते, प्रत्येकी दोन," तो म्हणाला. "कळीवाल्या वाट्यात दुसरा फुटवा मुद्दाम बारका घातलाय, म्हणजे बरोबरी झाली."

माझं डोकंच फिरलं. मी त्याची अक्कल काढली. आईची साडी असती तर तिचेही चार तुकडे केले असतेस का, असं विचारलं. कोयती उचलून अंगणात फेकली. बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"चिडत्येस कशाला गो ताई?" भाऊ म्हणाला. " एकीलाच दिलं असतं तर बाकीच्यांनी काय म्हटलं असतं?"

"सगळे वाटे माझ्याकडे द्या. मुळं ओली आहेत तोवर एकत्र लावते."

"म्हणजे अख्खं तुलाच."

"हो, मलाच. मला त्यातलं कळतं."

 धाकट्या भावाने पुढे होऊन कळीवाला वाटा उचलला. मग बहिणीने, मग मी. उरला तो भावाने घेतला. जेवताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

धाकट्याचा वाटा मुंबईच्या गॅलरीत कळीसकट सुकला. बहिणीचा गुहागरला पहिल्याच पावसात कुजला. माझा भाद्रपदापर्यंत तगून होता. एका सकाळी पान धरलं तर अख्खा फुटवा हातात आला, बुडाशी काळा पडलेला. दुसरा त्याच्या मागोमाग गेला. कुंडी मी मोरीपाशी उपडी घातली.

मार्गशीर्षात, आईच्या वेळी मोजडीला कळ्या येत त्या दिवसांत, भाऊ आला. हातात कुंडी, तीत नुसते खडे.

"माझं गेलं गो ताई. तुझ्याकडचा एखादा फुटवा दे."

मी त्याला मोरीपाशी नेऊन उपडी कुंडी दाखवली आणि मग वर्षभर साठलेलं सगळं त्याच्या अंगावर ओतलं. कोयती, तुटलेली मुळं, ती बरोबरी. तो मान खाली घालून ऐकत होता. हा माणूस मला कधी उलट बोलत नाही, त्याचाही मला राग येतो.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. शेवटच्या पावसाळ्यात आईच्या देखत मी ती कुंडी पुसत होते, तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्यामागे हे कुणाही एकाला द्या. पण अख्खं द्या." घरात तेव्हा आम्ही दोघीच होतो. ती तसं म्हणाली हे मला एकटीलाच ठाऊक होतं. त्या दुपारी चार पानांसमोर उभी असताना ते वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सगळे तूच घे, एका कुंडीत लाव, एवढं म्हटलं असतं तर त्याने ते लावलं असतं. हाती घेतलेलं काम तो मन लावून करतो, कसं करायचं ते मी सांगितलं असतं. बहुतेक जगलं असतं. पण मला ते त्याच्या अंगणात बघवलं नसतं, म्हणून मी "माझ्याकडे द्या" म्हटलं.

त्याने ती खड्यांची कुंडी काखेत मारली आणि गेला. दोष कोयतीचा होता असं तो अजून धरून चालला आहे.